बुद्धिमान कोणास म्हणावे?

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी दादर येथे केलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी काही व्याख्याता नव्हे. गिरगावातील एका शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकविले, आणि त्या काळात व त्यानंतरही आपल्या शिष्यवृत्ती समितीचे काम केले, एवढीच माझी शिदोरी. तथापि ज्या विषयावर बोलावयाचे मी योजिले आहे तो ह्याच शिदोरीतला आहे, आणि त्याचा निकाल येत्या सर्वसाधारण सभेत आपणा सर्वांस मते देऊन लावावयाचा आहे. म्हणून ही संधी मी कृतज्ञतापूर्वक स्वीकारली.

आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमावलीतील पहिले कलम आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. ज्ञातीतील बुद्धिमान व होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य करावे, असे ते कलम आहे. आपल्या वाडवडिलांनी ते लिहिले तेव्हा त्यांना ह्या शब्दांची काही अडचण वाटली नसावी. परंतु यंदा आपल्या काही तरुण सभासदांनी अशी सूचना दिली आहे की, ‘बुद्धिमान’ ह्या शब्दाची व्याख्या नियमातच घालावी. सर्व अर्जदारांची बुद्धिमापनाची चाचणी घ्यावी, आणि जो अमुक एका अंकाच्या वर असेल तोच बुद्धिमान, असे ठरवून टाकावे.

ह्या सूचनेस माझा विरोध आहे हे मी प्रारंभीच सांगून टाकतो. पण त्याआधी सूचना करणाऱ्यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. त्यांचा हेतू शुद्ध आहे. ज्या शब्दाला व्याख्या नाही त्या शब्दाच्या आडून वशिला आत येतो, हे त्यांचे म्हणणे मी समितीत राहून प्रत्यक्ष पाहिले आहे. ‘मुलगा बुद्धिमान दिसतो’ असा शेरा जेव्हा आम्ही अर्जावर मारीत होतो, तेव्हा त्या दिसण्यात मुलाचा स्वच्छ सदरा, त्याची शुद्ध भाषा आणि त्याच्या वडिलांची आमची ओळख ह्यांचा वाटा किती होता, हे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आकडा निदान कोणाच्या ओळखीचा नसतो. तेव्हा मोजू नये असे मी म्हणत नाही. काय मोजतो आहोत ते आधी पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आरंभ आपल्या मायबोलीपासूनच करू. एका बुद्धीसाठी आपण किती शब्द वापरतो ते पाहा. कोणी हुशार असतो, कोणी चलाख, कोणी चतुर, कोणी तल्लख, कोणी धूर्त, कोणी शहाणा. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. धूर्त माणसाला शहाणा म्हणण्यास आपली जीभ कचरते. ‘शहाणा’ ह्या शब्दास नुसते ‘दीड’ जोडले की स्तुतीची निंदा होते, आणि अति शहाण्याचा बैल रिकामा राहतो हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. ‘हुशार’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ सावध, शुद्धीवर असलेला. म्हणूनच तापातून उठलेल्या माणसाला आपण आजही विचारतो, ‘आता थोडी हुशारी वाटते का?’ म्हणजे आपल्या भाषेच्या हिशेबी हुशारी ही येते, जाते, आणि पोटभर पेज मिळाली की परत येते. भाषेला जे कळले आहे ते आपल्या नियमावलीला कळावयास नको काय?

संस्कृताकडे वळलो तरी तोच अनुभव येतो. धी, मती, प्रज्ञा, मेधा, प्रतिभा हे शब्द आपण एका ओळीत म्हणून जातो. परंतु धारण करून ठेवते ती मेधा आणि नवे सुचविते ती प्रतिभा, असा भेद जुन्यांनी केलेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या अंगी असावयाच्या गुणांत प्रज्ञेचे आठ गुण सांगितले आहेत. ऐकण्याची इच्छा, ऐकणे, समजून घेणे, लक्षात ठेवणे, विशेष जाणणे, तर्क चालविणे, चुकीचा तर्क टाकून देणे, आणि तत्त्वाला धरून राहणे, असा त्यांचा क्रम आहे. तर्क चालविणे म्हणजे ऊह आणि टाकून देणे म्हणजे अपोह. आपण सभांतून जो ऊहापोह करतो तो शब्द ह्याच जोडीचा. ह्या यादीत पहिले स्थान स्मरणशक्तीला नाही, तर्कालाही नाही. ते ऐकण्याच्या इच्छेला आहे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता पश्चिमेकडील शास्त्राची साक्ष घेऊ, कारण बुद्धिमापन ही मूळ त्यांची विद्या. १९०४ साली फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कसे ओळखावे व त्यांच्या शिक्षणाची काय सोय करावी, हा तिच्यापुढील प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सीमाँ ह्या दोघांनी १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस कृतींची पहिली मोजपट्टी तयार केली. तिचा उद्देश मदत कोणाला पाहिजे हे शोधणे, एवढाच होता. बुद्धी हे जन्मतः ठरलेले व कधीही न वाढणारे परिमाण आहे असे मानणाऱ्यांचा बिनेने १९०९ साली स्पष्ट शब्दांत निषेध केला. १९११ साली तो वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीत स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून येणारा अंक सुचविला, आणि १९१६ साली अमेरिकेत टर्मनने त्याला शंभराने गुणून ‘बुद्धिगुणांक’ रूढ केला. मदतीसाठी घेतलेले माप अशा रीतीने निवडीची चाळण झाले. आपण जे करू पाहत आहोत ते टर्मनचे काम आहे, बिनेचे नव्हे.

मग ज्या वस्तूचे माप घ्यावयाचे तिची व्याख्या तरी ह्या पंडितांनी केली काय? १९२१ साली अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने नामांकित मानसशास्त्रज्ञांना हाच प्रश्न विचारला. चौदा जणांनी उत्तरे दिली, आणि ती चौदा तऱ्हांची निघाली. कोणी अमूर्त विचार करण्याची शक्ती म्हणाला, कोणी शिकण्याची पात्रता म्हणाला, कोणी परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता म्हणाला. दोनच वर्षांनी, १९२३ साली, बोरिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ही कोंडी फोडली ती अशी, की बुद्धीच्या चाचण्या जे मोजतात तीच बुद्धी! हसू नका. शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत अशी व्याख्या चालते, कारण तिला फक्त पुढील प्रयोगापर्यंत जावयाचे असते. आपल्या नियमावलीत मात्र तिचा अर्थ असा होईल, की ज्याला आम्ही शिष्यवृत्ती देऊ तोच शिष्यवृत्तीस पात्र.

चाचण्यांत काहीच तथ्य नाही, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. जे मूल एका विषयात बरे असते ते बहुधा इतर विषयांतही बरे असते, हे स्पिअरमनने १९०४ साली आकड्यांनी दाखविले. आणि शिक्षक म्हणून माझाही अनुभव तसाच आहे. शाळेत कोण पुढे जाईल ह्याचा अंदाज चाचणीवरून पुष्कळ अंशी येतो. आपल्याकडेही हे काम झाले आहे. डॉ. वि. वि. कामत ह्यांनी बिनेच्या पद्धतीच्या चाचण्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविल्या आणि १९४० साली त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी प्रश्नांचे नुसते भाषांतर चालत नाही, आपली मुले, त्यांचे घर, त्यांची भाषा पाहून प्रश्न पारखावे लागतात, हे ज्ञान त्या खटाटोपामागे आहे. ज्याने चाचणी मनापासून तयार केली त्याला तिची मर्यादा इतरांहून अधिक कळते.

माझी स्वतःची ह्याबाबत एकदा फजिती झाली ती सांगतो. आपल्या राज्यात पूर्वी चौथी व सातवीसाठी असलेली, आणि २०१६-१७ साली पाचवी व आठवीकडे नेण्यात आलेली, शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा आपणांस ठाऊक आहे. तीत भाषा व गणित ह्यांच्या जोडीला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते. आरशातील प्रतिमा, रांगेतील क्रमांक, सांकेतिक लिपी, गटात न बसणारे पद, असे तिचे प्रश्न. त्या परीक्षेच्या तयारीसाठी मी संध्याकाळी चाळीतल्या मुलांना शिकवीत असे. (ज्या बुद्धिमत्तेची तयारी शिकवणी लावून करून घेता येते तिला काय म्हणावे, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही.) एकदा मी फळ्यावर चार शब्द लिहिले : बस, ट्राम, आगगाडी, होडी. गटात न बसणारे पद ओळखा. सर्वांनी होडी लिहिली; ती पाण्यातून जाते. एका मुलाने मात्र ट्राम लिहिली. मी त्याला चूक दिली. तो मान खाली घालून म्हणाला, ‘गुरुजी, बाकीची तिन्ही मी पाहिली आहेत. ट्राम फक्त आजोबांनी पाहिली.’

आपल्या मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली. तो मुलगा त्यानंतर जन्मलेला. त्याचे उत्तर चूक होते काय? त्याने वर्गीकरणाचे तत्त्व शोधले होते, ते चारही पदांस लावून पाहिले होते, आणि ते तत्त्व माझ्या तत्त्वाहून खोल होते. कारण मी जागा पाहिली होती, त्याने काळ पाहिला होता. उत्तरपत्रिकेच्या किल्लीत मात्र एकच अक्षर असते.

बंधुभगिनींनो, आता जरा घरातले बोलतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवीत. सहीपुरती अक्षरे त्यांना येत होती. साचाखात्यात शेकडो साच्यांचा खडखडाट असा असतो की शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर ओठांच्या हालचालीवर भागवावे लागते. त्या गोंगाटात आपल्या साच्याचा आवाज रेसभर जरी बदलला तरी ते मान वळवीत, आणि धागा तुटण्याच्या आधी त्यांचा हात तेथे पोहोचलेला असे. सकाळी सूत बोटांत धरून, हवा कोरडी आहे, आज धागे फार तुटतील, असे ते सांगत आणि तसेच होई. मानसशास्त्राच्या भाषेत ह्याला सूक्ष्म भेद ओळखणे, अनुमान करणे व कृतीने ते पडताळून पाहणे म्हणावे लागेल. खात्यात त्याला ‘हात बसला आहे’ एवढेच म्हणत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार त्यात उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे दरवाजे कामगारांना पूर्वीसारखे उघडले नाहीत. माझ्या वडिलांना तर ते मुळीच उघडले नाहीत. पुढे ते परळच्या नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसत. हिशेबात चुकत, गिऱ्हाईकाशी घासाघीस करणे त्यांना जमत नसे. शेजारीपाजारी म्हणत, म्हाताऱ्याला काही समजत नाही. परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता म्हणजे बुद्धी, ही व्याख्या मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे येते. १७ जानेवारीस बुद्धिमान असलेला माणूस १८ जानेवारीस निर्बुद्ध झाला काय? की बुद्धी होती तेथेच राहिली आणि तिला विचारणारे जग तेवढे निघून गेले? बुद्धी ही माणसाच्या डोक्यात ठेवलेली नाण्यांची थैली नव्हे. ती माणूस आणि त्याचे काम ह्यांच्यामध्ये चालणारी देवघेव आहे. काम काढून घेतले तर अर्धी बुद्धी त्याच्याबरोबर जाते.

आता ह्याच परळचे, साऱ्या देशाला ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. मुलाला शांतपणे अभ्यास करता यावा म्हणून वडील रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवीत. मुलाला एकंदर ७५० पैकी २८२ गुण मिळाले. शेकडा अडतीससुद्धा भरत नाहीत. आपल्या निधीच्या यंदाच्या सूचनेप्रमाणे काय, आजच्या नियमाप्रमाणेही त्याचा अर्ज आम्ही बाजूला ठेवला असता. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

त्याची पारख कोणी केली, व कशावरून केली? कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेले होते. चर्नी रोडच्या बागेत ते जात. तेथे एक मुलगा रोज येऊन पुस्तक वाचीत बसतो, एवढे त्यांनी पाहिले. त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्याबद्दल जो सत्कार झाला त्यात आपले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेविले. इंटरनंतर शिक्षण अडले तेव्हा त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी त्याला काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली तो बी. ए. झाला, १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढचे सांगावयास नको. केळूसकरांनी त्याचा गुणांक काढला नव्हता, आणि बुद्धीची व्याख्या त्यांना विचारली असती तर कदाचित त्यांनाही ती सांगता आली नसती. कोणी न सांगता हा मुलगा रोज वाचावयास येतो, हे त्यांनी पाहिले. कौटिल्याच्या यादीतील पहिला गुण त्यांनी पाहिला.

येथे कोणी म्हणेल की अशी उदाहरणे अपवादात्मक असतात. कमी गुण मिळविणारा प्रत्येक मुलगा काही आंबेडकर नसतो. हे खरेच आहे. कमी गुणांमागे नेहमी झाकलेला हिरा असतो असे मानणे हाही भाबडेपणा होय. पण चाळण लावणारे किती चुकतात ह्याचाही हिशेब झालेला आहे. ज्या टर्मनचा उल्लेख मी केला, त्याने १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले गुणांकावरून निवडली व जन्मभर त्यांचा मागोवा घेतला. त्यांतील पुष्कळजण आपापल्या व्यवसायात यशस्वी झाले. परंतु नोबेल पारितोषिक त्यांतील एकालाही मिळाले नाही. आणि त्याच चाचणीत कमी पडले म्हणून ज्यांना वगळले होते त्यांतील दोघांना, शॉकली ह्यांना १९५६ साली व अल्वारेझ ह्यांना १९६८ साली, पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. टर्मन अप्रामाणिक नव्हता. त्याची मोजपट्टी अचूक होती, पण ती ज्या गोष्टीला लावली ती गोष्ट वेगळी होती.

आणि आता, ज्यामुळे मी आज येथे उभा आहे, ती गोष्ट. १९८३ सालच्या उन्हाळ्यात समितीपुढे एक अर्ज आला. संपातील कामगाराचा मुलगा. दहावीला शेकडा ४९ गुण. यंत्रकामाचे शिक्षण घेण्यासाठी साहाय्य हवे होते. घरातील वीज तोडली गेल्यामुळे जिन्यातील दिव्याखाली अभ्यास केला, असे त्याने एका ओळीत लिहिले होते. आम्ही नियमावली उघडली. चर्चा फार झाली नाही. उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ‘आपला पाल्य निधीच्या नियमातील बुद्धिमान ह्या संज्ञेत बसत नसल्यामुळे दिलगीर आहोत’, असे मी माझ्या हाताने लिहिले, शिक्का मारला, आणि पत्र टपालात टाकले.

बारा-तेरा वर्षांनी घरातले शिवणयंत्र बिघडले. तीन दुकानांतून ते तसेच परत आले होते. लालबागेत एका जिन्याखाली एक कारागीर बसतो असे कळले, म्हणून तेथे नेले. त्याने यंत्र उघडले नाही. चाक हाताने सावकाश फिरविले, कान जवळ नेला, पुन्हा फिरविले. मग एकच खिळा सैल केला, काहीतरी बोटभर सरकविले, आणि यंत्र चालू झाले. मला माझ्या वडिलांची आठवण झाली. पैसे देताना त्याने माझे नाव विचारले व म्हणाला, ‘तुमचे अक्षर मी ओळखतो. तुमचे पत्र आईने पुष्कळ वर्षे देवांच्या तसबिरीमागे ठेवले होते. ज्ञातीचे शिक्क्याचे पत्र म्हणून. तिला वाचता येत नव्हते. त्यात काय आहे ते मी तिला सांगितले नाही.’ त्याने मजुरी पुरी घेतली, आणि ते मला बरे वाटले.

तो मोठा शास्त्रज्ञ झाला असता असे मी म्हणत नाही. ते मला ठाऊक नाही आणि त्याचा प्रश्नही नाही. त्याने आमच्याकडे वर्षाची फी मागितली होती, बुद्धिमत्तेचे प्रशस्तिपत्र मागितले नव्हते. जे त्याने मागितले नव्हते ते नाकारण्याच्या निमित्ताने जे मागितले होते तेही आम्ही नाकारले. एका व्याख्येचा एवढा अधिकार आम्ही चालविला, आणि तो चालविताना आमच्यापैकी कोणालाही त्या व्याख्येचा अर्थ सांगता आला नसता.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून आणखी एक गोष्ट बोलावयास हवी. ती कटू वाटल्यास क्षमा असावी. बहुतेक साऱ्या ज्ञातींच्या स्मरणिका मी वाचल्या आहेत, आणि ‘आपला समाज मूळचाच बुद्धिमान’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकीत मला भेटले आहे. सर्वच ज्ञाती इतरांहून अधिक बुद्धिमान असणे गणिताच्या शिक्षकाला तरी शक्य दिसत नाही. जेम्स फ्लिन ह्यांनी १९८४ साली दाखवून दिले की, १९३२ ते १९७८ ह्या काळात अमेरिकेतील लोकांचा बुद्धिगुणांक सुमारे १४ अंकांनी वर गेला. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. शाळा, आहार, कामाचे स्वरूप ही बदलतात. ज्या घरात दोन पिढ्या शाई आली त्या घराने ती रक्तातून आली असे मानू नये. ज्यांना ती कधी मिळू दिली नाही त्यांच्याकडे पाहून तर मुळीच मानू नये.

तेव्हा बुद्धीच्या व्याख्येचा उपयोग आहे की नाही? माझे उत्तर असे : शिंपी माप घेतो ते अंगरख्यासाठी, माणसाची किंमत ठरविण्यासाठी नव्हे. ज्या कामासाठी माप घ्यावयाचे ते काम आधी ठरले असेल तर व्याख्या उपयोगी पडते. काम न ठरविता केलेली व्याख्या मोजणाऱ्याच्या सोयीची होते. आपल्याला बुद्धीची व्याख्या नको. आपल्याला आपल्या कामाची व्याख्या हवी. म्हणून मूळ सूचनेस मी अशी दुरुस्ती सुचवीत आहे.

पहिले म्हणजे, कलमातून ‘बुद्धिमान’ हा शब्द काढून टाकावा. ज्यांना अधिक गुण मिळाले त्यांना गुणांबद्दल पारितोषिक द्यावे आणि त्याला गुणांचे पारितोषिक असेच म्हणावे. त्यात कमीपणा काही नाही. दुसरे म्हणजे, साहाय्याचा निधी वेगळा ठेवावा. त्यासाठी गरज कागदपत्रांवरून पाहावी, आणि होतकरूपणा पाहण्यासाठी प्रत्येक अर्जदाराशी अर्धा तास बोलावे. कोणी न सांगता, गुण मिळणार नसताना, तू वर्षभर काय करीत राहिलास, एवढे विचारावे व नीट ऐकावे. बोलणाऱ्या दोघा सभासदांपैकी एकाची तरी त्या कुटुंबाशी ओळख नसावी, कारण लेखी नोंदवून ठेवावे, आणि नाकारलेले अर्ज पुढील वर्षी पुन्हा काढून पाहावेत. वशिल्यावर उतारा हवा तो हा आहे. तिसरे म्हणजे, चाचण्या जरूर घ्याव्यात, पण बिनेच्या हेतूने. कोणाचे गणितात अडते, कोणाचे वाचनात अडते, हे त्यांवरून शोधून रविवारी वर्ग चालवावेत. मी म्हातारा झालो असलो तरी गणिताचा एक वर्ग घेण्यास तयार आहे.

आज ज्यांचा गौरव होत आहे त्या मुलामुलींना शेवटी एवढेच सांगतो. तुमचे गुण तुम्ही कष्टाने मिळविले आहेत, त्यांचा आनंद माना. परंतु कोणी तुम्हांला बुद्धिमान म्हटले तर तो शब्द फार घट्ट धरू नका. आणि तुमच्या बाकावरील ज्या सोबत्याला कोणी तसे म्हटले नाही, तो काय सांगतो ते एकदा कान देऊन ऐका.

कार्यवाहांनी ही दुरुस्ती सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी अशी माझी विनंती आहे.